पापडांची पोच

अहो,

आमटी गॅसवर आहे, गरम करून घ्या. मी उल्हासनगरला तलरेजांच्या कुरियरमध्ये माझ्या पापडांची पहिली ऑर्डर पाठवायला गेले आहे.

कुरियर ठरवण्याआधी दोघांकडून एकेक पाकीट कोल्हापूरला पाठवून बघितलं. लांबचा पत्ता मला एकच पाठ आहे, आपल्या सुनीतीचा. तिने परस्पर लग्न केलं तेव्हा तिचं नाव घरात काढायचं नाही म्हणालात. पार्सलवर लिहायचं नाही, असं काही म्हणाला नव्हतात.

एकाचं पाकीट अजून वाटेतच आहे. तलरेजांनी पाचव्या दिवशी तिच्या सहीची पोच आणून दिली. वर तिने लिहिलंय, एकही पापड तुटला नाही.

पोच मिठाच्या बरणीखाली आहे. सहीत आडनाव अजून आपलंच लावते.

कमल