लाल पट्टीची वायर

प्रिय दादा,

'प्रिय' हात सवयीने लिहून गेला. खोडणार होते, पण चांगला कागद हा एकच आहे आणि खाडाखोड दिसली की तू 'भिंगरीचं काम, अर्धवटच' म्हणून पुढे वाचणार नाहीस. तेव्हा राहू दे. फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून. 'हो हो, कळलं, बरं ते जाऊ दे' म्हणत तू विषय असा काही फिरवतोस की शेवटी मीच तुझी विचारपूस करून फोन ठेवते आणि मग भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. कागदाला मधेच तोडता येत नाही. गप वाच.

मी सध्या एका नाटक कंपनीबरोबर हिंडतेय, आवाजाचं काम. बरं चाललंय, म्हणजे जेवण वेळेवर आणि झोप बसमध्ये. आत्ता ज्या खोलीत लिहितेय तिथला पंखा दर फेरीला 'टक' करतो. काल मी खुर्चीवर चढून त्याचा स्क्रू पिळला, तर आता तो दोनदा 'टक' करतो. आईने तुझा फोटो पाठवलाय. मिशा ठेवल्यास म्हणे. पोलिसात भरती होणार आहेस का? असो. इथेही सगळ्या सामानाची जोडणी माझ्याच गळ्यात असते आणि मी प्रत्येक अडॅप्टरला लाल चिकटपट्टी लावते. नट मंडळी हसतात, 'भिंगरीताईंची नवरी नटली का?' म्हणून विचारतात. हसू देत. पण पट्टीला हात लावत नाहीत.

ही पट्टी तुझीच शिकवण. तुझ्या स्टुडिओतल्या रेकॉर्डरला पोर्ट एकच. त्यात तुझा तो लाडका कंट्रोलर लागायला हवा, मोठ्या बटणांचा, पाहुण्यांसमोर ऐटीत खालीवर करायचा. आणि त्याच पोर्टात बाहेरची डिस्कही हवी. म्हणून मधे एकाचे दोन फाटे करणारा हब. पण दोघांना पोसायची ताकद रेकॉर्डरच्या अंगात नाही, म्हणून हबला स्वतःचा अडॅप्टर, आणि त्याच्या वायरला लाल पट्टी. घर पेटलं तरी हिला हात लावायचा नाही, असं तू दम देऊन सांगितलं होतंस. एकदा मी नुसती धूळ पुसायला गेले तर हातावर फटका मारलास. तू विसरला असशील. माझा हात विसरलेला नाही.

आता तुला माहीत असलेलंच पुन्हा सांगते, कारण तू ते फार सोयीने विसरलायस. ज्या मशीनवर बाबांनी जन्मभर वर्तमानपत्र छापलं, ज्या मशीनने त्यांचे कान खाल्ले, ती शेवटची चालणार होती. दुसऱ्या दिवशी भंगारवाले कटर घेऊन येणार होते. बाबा कधी काही मागत नाहीत. चपलेचा अंगठा तुटला तर तारेने बांधतात. त्यांनी आपल्याकडे तोंड उघडून मागितलं की मशीनचा आवाज धरून ठेवा, कानाला नको, माझ्या तळपायांना हवाय. तुझ्या स्टुडिओतला मोठा स्पीकर लाकडी फळीखाली ठेवायचा आणि बाबांनी वर अनवाणी पाय टेकून बसायचं, असं ठरलं. आई म्हणाली, जन्मभर तिला शिव्या घातल्या आणि आता तिच्यासाठी पाय धुणार का? बाबांनी तिचे ओठ वाचले आणि किती दिवसांनी हसले.

रेकॉर्डरच्या आतलं कार्ड कुणाच्यातरी लग्नाने भरलेलं होतं, तू ते रिकामं केलं नव्हतंस, म्हणून सगळं बाहेरच्या डिस्कवरच घ्यायचं होतं. तेही चाललं असतं. कागदाचा भुसा उडतो म्हणून तू रेकॉर्डरवर फडकं टाकलंस आणि समोर टेबलावर कंट्रोलर आणि एक माइक एवढंच ठेवलंस. मी पार दुसऱ्या टोकाला, पेपरच्या घड्या पडतात तिथे, माइकची काठी धरून उभी. घंटा झाली, बाबा 'हात काढा!' म्हणून ओरडले, मशीन कण्हत कण्हत फिरायला लागली आणि मग तो वेग, ज्याने दातसुद्धा थरथरतात. मी डोळे मिटून घेतले होते. कंट्रोलरवरचा दिवा शेवटपर्यंत लाल होता, असं तू नंतर सगळ्यांना सांगत सुटलास. असणारच. त्या कंट्रोलरला बटण दाबलंय एवढंच कळतं, डिस्कवर काही उतरतंय की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तुझ्यावरच गेलाय.

संध्याकाळी बाबा खरंच पाय धुऊन आले. फळीवर पाय ठेवून शाळेतल्या मुलासारखे ताठ बसले. डिस्कमध्ये काहीच उघडेना. तेव्हा तू त्यांच्यासमोर उकिडवा बसलास, ओठ दिसावेत म्हणून खोलीतल्या दिव्याकडे तोंड केलंस आणि एकेक शब्द ओठांनी नीट कोरून सांगितलास, की हिने डिस्क घट्ट जोडली नव्हती. मी गप्प राहिले, कारण दादा, मला ते खरं वाटलं. माझ्या हातून काहीही सांडतं, हरवतं, तुटतं, मग हेही झालं असेल. बाबा रागावले नाहीत. त्यांनी मोजे चढवले, एक उलटाच चढला, आणि आत गेले. त्यानंतर चष्म्याचा स्क्रू ढिला झाला की ते तुझ्याकडे द्यायला लागले. आधी माझ्याकडे द्यायचे. एकदा माझा हात पुढे झालेला बघूनही त्यांनी चष्मा खिशात टाकला. त्याच आठवड्यात मी घर सोडलं. तुम्ही म्हणालात, भिंगरीच ती, एका जागी थोडीच टिकणार!

डिस्क मी बॅगेत तशीच घेऊन फिरत होते. इथे नाट्यगृहाच्या मागच्या गल्लीत एक मावशी बिघडलेल्या डिस्क दुरुस्त करतात. त्यांची जाडी मांजर गरम होणाऱ्या प्रत्येक यंत्रावर झोपते. तिला उठवलं की सगळं दुकान तिची माफी मागतं. मावशी म्हणाल्या, डिस्कची वीज मधेच गेली, फाइल नीट बंद व्हायची राहून गेली, त्यामुळे ती उघडतच नव्हती. थोडा तुकडा निघाला. मी हेडफोन लावले. घंटा. बाबांचं 'हात काढा!'. मशीनच्या पहिल्या जड फेऱ्या. आणि मग तुझ्या टेबलावरच्या माइकमध्ये अगदी जवळून तुझा आवाज, त्या छापखान्याच्या मॅनेजरशी बोलणारा, 'मोबाइल मरतोय साहेब, चार्जर लावायला हा लाल पट्टीवाला काढतो जरा. दिवा चालू आहे ना, काही होत नाही. भिंगरीला बोलू नका, बोंबलेल.' त्याचं ते खी खी हसणं. आणि पुढे काहीच नाही. मावशींनी विचारलं, ओळखीचा का कुणी? मी म्हटलं, सख्खा भाऊ. त्यांनी मांजर उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

म्हणजे तुला माहीत होतं. दिव्याकडे तोंड करून ओठ कोरत होतास तेव्हा तुला माहीत होतं! चूक कुणाचीही होते रे, मी तर चुकांचं दुकान आहे. पण तू ती उचलून माझ्या अंगावर टाकलीस, कारण माझ्या अंगावर ती शोभते. आणि मी जायला निघाले तेव्हा पाठीवर हात ठेवून म्हणालास, 'मनाला लावून घेऊ नकोस.' तो हात आठवला की अजून डोकं फिरतं.

मी रागाच्या भरात बसस्टँडवर गेले. घरी जाऊन बाबांना हे ऐकवायचं, तडक. तिकिटाच्या रांगेत उभी असताना कळलं, कुणाला ऐकवणार? पुरावा आवाजाचा आणि बाबा बहिरे. मी इतकी मोठ्याने हसले की पुढचा माणूस रांग सोडून गेला. तुझा आवाज तळपायांना ओळखू येणार नाही. लिहून दाखवता येईल, हो. पण मग ते भिंगरीचं म्हणणं, त्यावर तुझं म्हणणं, आणि मधे बाबा. ते मला नकोय.

म्हणून हे पत्र. येत्या रविवारी दुपारी मी घरी येतेय. फळी आणि स्पीकर तयार ठेव. जेवढं निघालंय तेवढं मी बाबांच्या पायांखाली लावणार आहे, न कापता, आई तिथेच बसलेली असेल. घंटा होईल, मशीन फिरेल, मग तू बोलशील, आणि मग सगळं थांबेल. का थांबलं म्हणून बाबा मान वर करून बघतील. त्या वेळी मी काही बोलणार नाही. तू खिडकीकडे तोंड करून त्यांच्यासमोर बस आणि सावकाश सांग. आणि येताना मिशा उतरवून ये. तू त्या ठेवल्यापासून बाबांना तुझे ओठ वाचता येत नाहीत, असं आईने लिहिलंय.

तुझीच, अजून तरी,
भिंगरी