डाखावरची फुंकर

सोमवार, ता. ३
आलो एकदाचा! दुरुस्तीच्या दुकानाच्या वरचीच खोली मिळाली. उजेड भरपूर, नळाला पाणी, आणि जिना उतरला की समोर कामाचं टेबल. आणखी काय पाहिजे? जम बसला की ठकीला इकडे आणायचं. तिची आई गेल्यापासून लेक माझ्या बहिणीकडे राहते, इथून बसने दोन तासांवर. रोज संध्याकाळी फोन करायचं कबूल केलंय. आज विचारत होती, बाबा, बोटं भाजलीस का? भाजून घेणं माझ्याकडे आणि फुंकर घालणं तिच्याकडे, अशी आमची वाटणी आहे.

मंगळवार, ता. ४
दुकानाच्या मालकीणबाईंनी पहिलंच काम दिलं ते त्यांच्या दिवंगत यजमानांच्या अँप्लिफायरचं. व्हॉल्व्हचा आहे, वयानं माझ्याहून मोठा. टेबलावर चढवताना कंबरेनं राम म्हटला. कपॅसिटर फुगलेत, तारांची वेष्टणं कडक झालीत, डाख दिलेले सगळे जोड काळवंडलेत. प्रत्येक जोड वितळवायचा, जुनं सोल्डर ओढून काढायचं, नवं द्यायचं.
बाईंनी एकच ताकीद दिली, ताज्या जोडावर फुंकायचं नाही. माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवतायत! फुंकलं की सोल्डर घाईनं गोठतं आणि जोड कच्चा राहतो, हे मला का ठाऊक नाही? पण जित्याची खोड. तोंड आपोआप पुढे होतं. आजही झालं, चांगलं पाच-सहा वेळा.

गुरुवार, ता. ६
निम्मे जोड झाले. तपासायला म्हणून स्पीकर लावला. खरखरीतून कुणीतरी खोकलं, मग एक पुरुषी आवाज आला, अगदी क्षीण. जुन्या अँपमध्ये कधीकधी रेडिओ शिरतो, त्यात नवल नाही. पण बाई धावत आल्या आणि स्टुलावर बसून रडायला लागल्या. हा यांचाच आवाज, म्हणाल्या. तेही जोडावर फुंकायचे, आणि शेवटी शेवटी त्यांना बोलताच येत नव्हतं. अँपमधला हा आवाजही विरत चालला म्हणून तर तो दुरुस्तीला काढला.
मी मान डोलावली. दुःखात माणूस काहीही बोलतो.
माझा घसा बसलाय. सोल्डरचा धूर असेल.

शनिवार, ता. ८
काम पुरं झालं. यजमानांचा आवाज गेला, शेवटच्या जुन्या जोडाबरोबर. आता स्पीकरमधून माझा येतो. माझाच, ठकीला हाक मारताना असतो तसा. बाईंनी ऐकला. मेलेल्याला पुन्हा मारलंत, एवढंच म्हणाल्या, किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि गेल्या.
संध्याकाळी फोन केला. ठकीनं विचारलं, कोण बोलतंय? मी बाबा, बाबा म्हणत राहिलो. तिनं घाबरून फोन ठेवला. मी जिन्यातच बसून रडलो. रडण्यालाही आवाज नव्हता.

सोमवार, ता. १०
तोंडातून नुसती हवा. डॉक्टर म्हणतात घशात काही दोष नाही. जोड वितळवले तर आवाज परत येईल? पण बाईंचे यजमान असेच वितळून गेले. परत कुठे आले —

मंगळवार, सकाळ
फोन वाजला. उचलला, तोंड उघडलं — आणि टेबलावरून अँप बोलला. त्याची वायर भिंतीतून काढलेली आहे. ठकी आनंदानं ओरडली, बाबा, बरा झालास! तो म्हणाला, ये बाळा, आत्ताच ये. मी फोन आपटला. पुन्हा लावला तर तिच्या आत्यानं सांगितलं, ती बस पकडायला धावली. हॅलो हॅलो करून तिनंही ठेवला.
आवाज गेला तर जाऊ दे. सगळे जोड मोकळे करतो. ठकी यायच्या आत —

दुपार
वितळत नाहीत. सोल्डरिंग गन लाल झाली तरी नाही. एकच वितळला, तो माझ्या डाव्या बोटांवर. तिथेच गोठला. बोटं अँपच्या पत्र्याला चिकटलीत. ओढून निघत नाहीत —

दार वाजलं. ती आली.

तो हाका मारतोय. माझ्या आवाजात. मी उजव्या हातानं लिहून दाखवतोय, मोठ्या अक्षरांत. ठके, वाच. वाच गं —

वहीकडे बघतच नाही. बोटं बघतेय. डोळे भरलेत तिचे. वाकली. ओठांचा चंबू —

ठके फुंकू न