काचेसारखं पाणी

दि. ४ जानेवारी

चि. सूनबाईस, अनेक आशीर्वाद.

तुझी आई आता आधाराने उठून बसते हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडे तुझी गोल्डफिशची पिल्लं मात्र तांदळाच्या दाण्याएवढीच आहेत, आणि महिनाअखेर दुकानदार न्यायला येणार! माझ्याकडून कसूर नाही गं. पाणी काचेसारखं आहे. टाकीतला स्पंज काळाकुट्ट झाला होता, तोही उकळून लख्ख केला. तरी एक पिल्लू बाळसं धरेना. तुझे सासरे म्हणतात, माझ्या धाकानेच वाढत नसतील.

माया आहेच, पत्र लवकर धाड.

तुझी इकडची आई

दि. ९ जानेवारी

ती. आईंस, शि. सा. न. वि. वि.

आधी कपाळाला हात लावला, मग पोट धरून हसले. आई, तो मळ नव्हता, माझी फौज होती! पिल्लांच्या घाणीतून पाण्यात अमोनिया उतरतो. स्पंजातले जिवाणू तो संपवतात, आणि नेमके तेच तुम्ही उकळलेत. हे विष डोळ्यांना दिसत नाही, पण पिल्लांची वाढ खुंटते.

टाकीचं पाणी नळीत घेऊन कपाटातल्या बाटलीतले थेंब टाका. पिवळं राहिलं तर चांगलं, हिरवं झालं तर वाईट. रोज थोडं पाणी काढून आदल्या दिवशी भरून ठेवलेलं घाला. खाणं चिमटीभर. आणि पाया पडते, स्पंजाला हात लावू नका. ही माझी पहिलीच खेप. ती हुकली तर दुकानदार पुन्हा उभं करणार नाही. तुम्हाला जमणार नसेल तर मी निघते; पण आईला अजून कूस बदलायलाही मी लागते.

राग नसावा, लोभ आहे त्याहून वाढावा.

आपली सून

दि. ३० जानेवारी

चि. सूनबाईस, अनेक आशीर्वाद.

पहिल्या दिवशी नळी हिरवीगार झाली आणि माझं तोंड एवढंसं झालं. मग तू सांगितलंस तसंच केलं. स्पंज पुन्हा काळा होत गेला, मी त्याच्याकडे पाठ करून बसे. जन्मात मळाला इतका मान दिला नव्हता! शेजारीण म्हणाली, सासवा सुनांना पाण्यात पाहतातच. म्हटलं, मी तर रोज सकाळी चष्मा लावून पाहते.

गेल्या आठवड्यात नळीतलं पाणी पिवळं राहिलं, आणि पिल्लं बघता बघता बोटाच्या पेराएवढी झाली. मला वाटायचं, तू काचेपुढे नुसती बसून असतेस. धन्य आहे तुझी!

काल दुकानदाराने सगळी नेली. पाणी कुणी राखलं, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, माझ्या सुनेने. पुढच्या खेपेलाही मी हो म्हणून बसले आहे, तेव्हा इकडची काळजी सोड. तुझी आई आपल्या पायांनी दारापर्यंत तुला निरोप द्यायला येईल, तेव्हाच ये.

तुझी इकडची आई