शेवग्यासाठी आलेली स्थळं

वुडलँड्स, सिंगापूर
मंगळवार, १५ ऑक्टोबर २०२४

चि. अनघा,

तुला आशीर्वाद द्यायचा हक्क मला उरलाय की नाही कोण जाणे, पण सवयीने देते. सुखी राहा. तुझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि तुला नवी नोकरी लागली, या दोन्ही बातम्या शेजारच्या ऋचाकडून कळल्या. फार बरं वाटलं. ती दिवाळीला पुण्याला येते आहे, तिच्याच हाती हे पत्र देते. व्हॉट्सॲपवर तीनदा लिहायला बसले आणि तीनदा पुसून टाकलं. शिवाय सोबत एक कागद आहे, त्यावर तुझी शाईची सही लागणार आहे. त्याचं पुढे सांगते.

आधी तुझ्या शेवग्याची खुशाली. मजेत आहे. नऊ महिन्यांत वजन एका किलोने वाढलंय, पण बरगड्या अजून मोजून घ्याव्यात अशाच. कुत्र्यांना घरं शोधून देणाऱ्या गटाची जॉसलिन म्हणते ग्रेहाउंडच्या बरगड्या दिसायलाच हव्यात, तुमच्या डोळ्यांना सवय नाही म्हणून तुम्हाला दया येते. मला येतेच दया, काय करू! डोळे उघडे ठेवून झोपतो हे तू मला सांगितलं नव्हतंस. दुसऱ्याच दिवशी सकाळी मला वाटलं, गेला. जॉसलिनला फोन करून मी रडत होते आणि हा उठून जांभई देत होता. जिना उतरताना अजून पहिल्या पायरीवर विचार करतो, पण उतरतो. शर्यतीच्या कुत्र्यांनी जिना पाहिलेलाच नसतो, आणि याला तो एकेक पायरी करत तू शिकवलास, हे मी सगळ्यांना सांगते.

सगळ्यांना म्हणजे कोणाला, तर मी आता ग्रेहाउंड गटाची स्वयंसेविका आहे! हसू नकोस. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही पाच-सहा कुत्री घेऊन कुठेतरी उभे राहतो, कधी पार्कात, कधी तोआ पायोहच्या शॉपिंग सेंटरपाशी. ऑस्ट्रेलियातल्या शर्यतींतून निवृत्त झालेली ही कुत्री घरात राहू शकतात, चावत नाहीत, हे लोकांना दाखवायचं. लोक तेच ते विचारतात. आंटी, हा इतका बारीक का, खायला देत नाही का? किती जोरात धावतो? मी सांगते, ताशी साठ किलोमीटर, पण फक्त अर्धं मिनिट, मग अठरा तास झोप. शाळकरी पोरं तर नावावरूनच खूश. शेवगा म्हणजे आमच्या आमटीत घालायची लांब शेंग, हे मी आता इंग्रजीत झोपेतही समजावून सांगू शकते. गेल्या महिन्यात व्हीलचेअरवरचे एक आजोबा आले होते. कोणाशी बोलत नव्हते. शेवगा गेला आणि आपला सगळा भार त्यांच्या गुडघ्यावर टाकून उभा राहिला, त्याची ती सवय तुला माहीतच आहे. आजोबा वीस मिनिटं त्याच्या कानामागे खाजवत बसले, आणि त्यांच्या मुलीने माझा हात हातात घेतला. मी तिला म्हटलं, माझे नकोत, याच्या मालकिणीचे आभार मान, ती पुण्यात असते.

तर ते आभार तुझे आहेत, म्हणून कळवले.

आता मुद्द्यावर येते. किती वेळ ताकाला जाऊन भांडं लपवणार?

गटाची एक रीत तुला आठवत असेल. ज्या कुत्र्याला घर मिळालंय त्याच्या गळ्यात निळा रुमाल, ज्याला मिळायचंय त्याच्या गळ्यात केशरी. तू जाताना मला सांगून गेलीस, मावशी, याला चांगलं घर बघा. मी सांभाळणार होते ते तेवढ्यापुरतं, म्हणजे शेवग्याला केशरी रुमाल. तू पहिले दोन महिने विचारत होतीस, कोणी आलं का? मी दर वेळी लिहिलं, नाही गं, सरकारी एचडीबी फ्लॅटमध्ये एवढा मोठा कुत्रा चालत नाही, आपल्यासारख्या खासगी काँडोवाल्यांना छोटी कुत्री हवीत, कोण घेतंय याला. मग तू विचारणं थांबवलंस.

अनघा, ते खोटं होतं. पाच घरं आली होती.

आपल्याकडे मुलगी द्यायची नसली की स्थळाला नाही म्हणत नाहीत, पत्रिका जुळत नाही म्हणून कळवतात. मी तेच केलं. पहिलं जोडपं तरुण होतं, नवं घर, नवा सोफा. मी सांगितलं, हा सोफे फाडतो. अनघा, त्याने आजवर साधी चप्पल फाडलेली नाही. दुसरे एक गृहस्थ रोज सकाळी दहा किलोमीटर पळणारे, त्यांना सांगितलं की हा दोन खांबांच्या पुढे चालतच नाही, मध्येच पुतळा होऊन उभा राहतो. ते खरंच होतं, पण मी ते अशा सुरात सांगितलं की ते बिचारे त्याच्याकडे न बघताच गेले. एका बाईंना मी म्हणाले, रात्रभर घोरतो. एका कुटुंबाला सांगितलं, लहान मुलांचं त्याला वावडं आहे, आणि त्या वेळी त्यांचीच पोरगी त्याच्या पोटावर डोकं ठेवून बसली होती. पाचव्यांनाही असंच काहीतरी सांगून परतवलं, आणि दोनदा तर केशरी रुमालच बांधला नाही, धुवायला टाकलाय म्हणून सांगितलं. मी, बँकेच्या ऑडिटमध्ये पंचवीस वर्षं दुसऱ्यांची लबाडी पकडणारी बाई!

का केलं, ते सांगायलाच हवं. तुझे विवेककाका गेल्यापासून मी नोकरी सोडून घरात बसले होते, ते तू पाहिलंसच. आमचा लेक धवल कॅनडातून दर रविवारी फोन करायचा आणि मी सगळं ठीक आहे म्हणायचे. मला सगळ्यांत जास्त काय टोचायचं ठाऊक आहे? विवेक जुरोंग आयलंडहून कंपनीच्या बसने घरी आला की मी ओट्याशी असताना मागून येऊन खांद्यावर रेलायचा, दमलो म्हणायचा. मी त्याला कायम झिडकारायचे, अंगावर पडू नकोस म्हणून. तो गेल्यावर वर्षभर माझ्या अंगावर कोणाचा भारच पडला नव्हता. तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी मी ओट्याशी कांदा चिरत होते आणि हा येऊन माझ्या मांडीला टेकला. सगळा एकतीस किलोचा भार. मी सुरी ठेवली आणि तिथेच उभी राहिले, हलले नाही. त्या दिवसापासून मला त्याला कोणाला द्यायचंच नव्हतं.

पण हे तुला सांगायचं कोणत्या तोंडाने? तू निघालीस त्या दिवशी लिफ्टसमोर मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. तुझी नोकरी गेलेली, वर्क पास रद्द झालेला, तीस दिवसांत देश सोडायचा, पुण्याला आईचं दोन खोल्यांचं घर, कुत्रा न्यायचे कागद काही जमेनात. हे सगळं मला माहीत होतं. तरी उचलली जीभ लावली टाळ्याला. "झेपत नाही तर आणायचं कशाला? जीव आहे तो, फर्निचर नाही." तू खाली बघून लिफ्टचं बटण दाबलंस. तुला एवढं ऐकवल्यावर मीच त्याच्या प्रेमात पडले म्हणून कळवायचं, हे माझ्या नाकाला झेपलं नाही.

परवाच्या रविवारी तोआ पायोहला लिम नावाचं जोडपं आलं. साठीची दोघंही, निवृत्त शिक्षक, तळमजल्याचं घर, मागे अंगण, आणि घरात आधीच एक म्हातारी ग्रेहाउंड. याहून चांगलं घर सिंगापुरात शोधून सापडणार नाही. मी आपली सुरू झाले. घोरतो, हट्टी आहे, वीज कडाडली की बाथरूममध्ये जाऊन बसतो. मिसेस लिमनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मघापासून तुम्ही त्याला नावं ठेवताय, पण तुमचा हात एकदाही त्याच्या मानेवरून हटला नाही. तुमचाच ना हा?"

मी म्हणाले, "नाही."

एवढं एक उत्तर मी त्या दिवशी खरं दिलं, आणि तेच मला सहन झालं नाही. तोआ पायोहच्या भर गर्दीत, हातात पट्टा धरून, मी रडले. मग त्या दोघांना आणि जॉसलिनला पहिल्यापासून सगळं सांगितलं. जॉसलिन रागावली नाही. तिला सोफ्याची गोष्ट ऐकली तेव्हापासूनच संशय होता, ती मी तोंड उघडायची वाट बघत होती. पण ती एक गोष्ट स्पष्ट बोलली. कागदोपत्री शेवगा अजून अनघाचा आहे. त्याला कोणाला द्यायचं ते अनघा ठरवेल, आंटी, तुम्ही नाही.

बरोबरच आहे तिचं. संध्याकाळी घरी येऊन ऋचाला हे सगळं सांगितलं. मग तिने सांगितलं की तू तिला अजून फोनवर विचारतेस, त्याला कोणीच घेत नाही म्हणजे मी त्याला नीट वाढवलं नाही का? नऊ महिने तू हे मनात घेऊन जगते आहेस, आणि ते माझ्या खोट्यामुळे. लिफ्टपाशी बोलले ते वाईट होतंच, पण हे त्याहून वाईट. मला माफ कर, अनघा. हात जोडून मागते.

सोबतचा कागद हस्तांतराचा आहे. नव्या पालकाच्या नावाची ओळ मी कोरी ठेवली आहे. लिम पतिपत्नी नोव्हेंबरअखेरपर्यंत थांबायला तयार आहेत. त्यांच्याकडे अंगण आहे, सोबतीला एक कुत्री आहे, ते दोघं आहेत. शिवाय रविवारी तो मिस्टर लिमच्या पायालाही टेकला होता, हे लपवणार नाही. माझ्याकडे तिसरा मजला आहे, एकोणसाठ वर्षांची एकटी बाई आहे, आणि तिची जीभ कशी आहे ते तुला माहीत आहे. मला तो हवा आहे. हे मी एकदाच लिहिते. त्यांचं नाव लिहिलंस तर मी स्वतः त्याला पोचवून येईन आणि तुझ्याबद्दल मनात काही ठेवणार नाही. त्याच्यापायी मी घराबाहेर पडले, माणसांत आले, धवलशी खरं बोलू लागले. ते तुझं देणं आहे आणि ते माझ्याकडून कोणी काढून नेणार नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तेवढं राहिलं. शेवग्याला पाच घरांनी मागितलं, आता हे सहावं. अनोळखी माणसापाशी बिनधास्त जाऊन उभा राहणारा कुत्रा त्यांनी पाहिला, म्हणून मागितलं. शर्यतीतून आला तेव्हा तो कोणी हात पुढे केला तरी कोपऱ्यात जाऊन थरथरायचा, हे मला जॉसलिनने सांगितलं. तू त्याला फार छान वाढवलंस, पोरी.

तुझ्या सहीची वाट बघणारी,
नीलिमामावशी