गहिनीनाथला दोन खुर्च्या

तेहरान विमानतळ, १९७२

आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

इथल्या कुस्त्या संपल्या. हे पत्र गहिनीनाथ पैलवान घेऊन येईल. तो एकटाच दिसला म्हणून घाबरू नको, मी धडधाकट हाय.

तो एका खुर्चीत मावत न्हाई. येताना मी शेजारी चेंगरून आलो. आता विमानवाले म्हणतात, ह्याला दोन खुर्च्या लागतील. विमान भरलेलं, म्हणून माझी खुर्ची त्याला दिली. मी पुढच्या गुरुवारी निघेन.

इथली रोटी गोधडीएवढी असती! आपली कपिली गाय व्याली का?

विमानतळाच्या साहेबानं बजावलंय, "ह्या बाकावरनं हलू नको." मी कधी एका जागी बसलोय का गं? सारखा पासपोर्ट चाचपतो. गहिनीनाथ पोरावानी रडतोय, म्हणून मी हसतोय.

तो गेला, की इथं मला नावानं हाक मारणारं कुणी न्हाई. तू सांजेला एकदा हाक मारत जा.

तुझा,
भिवसेन