ह्यांच्या पिट्टूवरचं ठिगळ

प्रीती,

तुझ्या नवऱ्याला अक्कल आहे का? जगाचं जुनं मिलिटरीचं सामान भंगारातून उचलून आणतो, त्याच्यावरचा डागसुद्धा मला पुसू देत नाही. म्हणतो, आई, हा इतिहास आहे. आणि स्वतःच्या बापाचा पलटणीतला पिट्टू, पाठीवरची पिशवी, हातात घेतला, तर त्याच्यावर मी लावलेलं ठिगळ ब्लेडनं उसवून केराच्या डब्यात टाकलं! का, तर उद्या अंबरनाथच्या प्रदर्शनात लोक हसतील. फौजी पिशवीवर बाईच्या लुगड्याचा तुकडा दिसतो म्हणे.

ठिगळ मी डब्यातून काढून धुतलंय. पिट्टू घेऊन कॅम्पातल्या बाजारात चाललेय, त्या ताडपत्रीवाल्या लछूशेठकडे. एवढ्या जाड कापडाला घरची सुई जात नाही, त्याच्याकडे दाभण आहे. तो म्हणेल, अम्मा, मशीन मारून देतो. मी मारू देणार नाही. त्याच्या दुकानात बसून माझ्या हातानंच टाके घालणार.

डाळ शिजलीय, फोडणी तेवढी दे. फोन करू नका, मी उचलणार नाही.

राजेंद्र आला की पुढचं त्याला मोठ्यानं वाचून दाखव. नवरा म्हणून आवाज खाली आणू नकोस.

राजेंद्र, पलटण सोडल्यावर तुझे आबा हाच पिट्टू पाठीला लावून, ठिगळासकट, रोज कारखान्याच्या गेटातून आत जायचे. त्यांना कधी लाज वाटली नाही. तुला वाटत असेल तर उद्या तू घरी बस. पिट्टू घेऊन प्रदर्शनात मी जाते.