पालेभाजीला झोपवायचं काम

५ फेब्रुवारी

चि. खारूताईस आजीचे अ. उ. आ.

इकडे सगळं ठीक, माझे गुडघे सोडून. ते कधीच ठीक नव्हते, म्हणून त्यांना धरत नाही.

तू जाताना खिडकीशी मांडून दिलेली बिनमातीची बाग छान रुजली गं. मातीवाचून भाजी म्हणजे हवेत इमले, असं मी म्हणाले होते, ते शब्द परत घेते. नळ्यांना भोकं, भोकांत पेले आणि पेल्यांतून खाली लोंबणारी मुळं, अगदी बाळाच्या जावळासारखी. टबातली मोटर पाणी वर चढवते, ते झुळझुळत परत खाली येतं. मी काम सोडून ऐकत बसते. परवा त्यापायी दूध उतू गेलं. ते जाऊ दे.

तर मुद्दा असा, की सकाळी उठावं तर रोपांनी माना टाकलेल्या. मला वाटलं कीड. कीड कसली, तुझे आजोबा. वाचनालयात सगळ्यांच्या मागून बटणं बंद करून कुलूप लावण्यात ह्यांचा जन्म गेला. रात्रीची जेवणं उरकली की हात आपोआप बोर्डाकडे जातो. रोपांवरचा दिवा आणि टबातली मोटर एकाच बटणावर, दोन्ही गप्प. मी बटणावर कागद चिकटवला, तर ह्यांनी सोलून काढला. का, तर डिंकाने बोर्ड खराब होतो. आणि विचारलं तर म्हणतात, मी हातच लावला नाही. खोटं नाही बोलत गं, आठवतच नाही. मी ओरडले, तेव्हा असे उभे राहिले की मलाच कसंतरी झालं.

हे फोनवर त्यांच्यादेखत कसं सांगू, म्हणून पत्र. तुझ्या बाबाला कळलंय. तो म्हणतो, आज बटण, उद्या गॅस विसरतील. महिनाअखेरीला येतो, घर बंद करू, दोघं माझ्याकडे चला. पोरगा मायेनंच म्हणतोय. पण इथे हे अंधारातसुद्धा बिनचूक फिरतात. तिथे बाथरूम कुठे हेही दर वेळी विचारावं लागेल. तेवढं नको व्हायला. काही सुचलं तर कळव.

आठवण काढत जा, नुसती भूक लागल्यावर नको.

तुझी आजी


११ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं दूध उतू गेलेलं वाचून खोलीत एकटीच हसले. आता ऐक. आजोबांचं अर्धं काम बरोबरच आहे. रोपांनाही रात्र लागते. सतत उजेड मिळाला तर तीही तुझ्यासारखी चिडचिडी होतात. म्हणून मी दिव्याला आपोआप बंद करणारं घड्याळ लावलं होतं. ते काढून टाक.

वायरमनला बोलावून मोटरची जोडणी कपाटामागे, हात पोचणार नाही अशी करून घे. ती थांबायला नको. बोर्डावरचं बटण फक्त दिव्याचं राहू दे, आणि ते आजोबांचं. बंद करू नका असं सांगूच नकोस, बंद करायला हवंय म्हणून सांग. सकाळी दिवा लावायचं ते विसरतील, ते तू बघ. बाबांशी ह्या विषयावर मी बोलत नाही. तू एकटी चौघांना भारी आहेस.

गुडघ्यांना माझा वेगळा नमस्कार.

तुझी खारूताई


२ मार्च

चि. खारूताईस आजीचे पोटभर आशीर्वाद.

वायरमन आला, काम केलं आणि पाणी कसं फिरतं ते बघत तिथेच बसला. चहा पाजून उठवावा लागला. मग मी ह्यांना सांगितलं, पालेभाजीला वेळेवर झोपवायचं काम तुमचं. ह्यांनी अशी मान डोलावली, जणू नव्याने नोकरीच लागली. तेव्हापासून एक खाडा नाही. आपण जेवलो का हे मला विचारतात, पण दिव्यापाशी बरोबर हजर.

परवा तुझा बाबा आला, रिकाम्या बॅगा घेऊन, आमचे कपडे भरायला. मी आधी पानं वाढली. जेवणानंतर तो एक पेला उचलून मुळं बघत होता, तेवढ्यात हे उठले आणि दिवा बंद. बाबा म्हणाला, अहो थांबा, मी बघतोय. तर हे म्हणाले, वेळ संपली, आता उद्या या. अगदी वाचनालयातल्या आवाजात. लहानपणी तो तिथे पुस्तकात डोकं खुपसून बसायचा, त्यालाही हे असंच उठवायचे. पेला हातात धरून तो अंधारात उभाच राहिला. मग हसला, आणि सर्दी नसताना नाक ओढलं.

सकाळी आपणहून म्हणाला, इथे ह्यांना काम आहे, माझ्याकडे मी काय देणार. पंधरवड्याला येऊन बघून जाईन, पण विसरणं वाढलं तर मात्र माझं ऐकायचं. मी कबूल झाले. खोटं कशाला बोलू, वाढेलही. कालच हे विचारत होते, एवढी भाजी पिकवली कोणी. तुम्हीच, म्हटलं. तर म्हणाले, छे, मी फक्त दिवा बंद करतो.

तुझे आभार मानले तर तू रागावशील, म्हणून मानत नाही, नुसते मनात ठेवते. खूप आहेत, जागा पुरत नाही. बाबाच्या बॅगा रिकाम्या जाऊ नयेत म्हणून दोन्हींत लेट्यूस आणि पालक गच्च भरून दिला. आम्हाला न्यायला आलेला पोरगा भाजी घेऊन गेला.

माया आहे तेवढी असू दे, जास्त झाली तर पत्रातून पाठव.

तुझी आजी